डोळा मारायचा तर हातात पान हवं

मे २०२३ मध्ये स्पेनमध्ये स्थानिक आणि प्रादेशिक निवडणुकांचं वारं होतं. पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी एका सभेत जाहीर केलं, की पासष्टीच्या पुढच्या सगळ्यांना आता दर मंगळवारी दोन युरोत सिनेमा पाहता येईल. त्यासाठी सरकारी तिजोरीतून एक कोटी युरो काढून ठेवायचं ठरलं. मतदान २८ मे रोजी होतं. अशा घोषणेसाठी स्पॅनिश वर्तमानपत्रांकडे एक ठरलेला शब्द आहे: गिन्यो. ज्येष्ठांना गिन्यो, तरुणांना गिन्यो, कॅटलान पक्षांना गिन्यो, कुंपणावरच्या मतदाराला गिन्यो. आठवडाभर माद्रिदची वर्तमानपत्रं वाचा, हा शब्द भेटल्याशिवाय राहणार नाही.

गिन्यो म्हणजे डोळा मारणं. एक डोळा क्षणभर मिटायचा, दुसरा उघडा ठेवायचा, आणि तेही बहुतेक वेळा तिसऱ्याला कळू न देता. रॉयल स्पॅनिश अकादमीच्या कोशात या नामाचे दोन अर्थ दिले आहेत. एक डोळा मारण्याची क्रिया आणि दुसरा आडून दिलेला, न उच्चारलेला संदेश. या दुसऱ्या अर्थाचा संसार बराच मोठा झाला आहे. जुन्या चित्रपटाची आठवण करून देणारी चौकट दिसली की समीक्षक तिला प्रेक्षकाला केलेला गिन्यो म्हणतात. अर्जेंटिनात मोटारीचा वळण्याआधी लुकलुकणारा दिवा म्हणजेसुद्धा गिन्यो. खलाशांच्या भाषेत याच क्रियापदाचा अर्थ जहाजाचं तोंड ठरलेली दिशा सोडून इकडेतिकडे झुकणं असा होतो. राजकारणातल्या गिन्योचं सर्वांत प्रामाणिक वर्णन या खलाशांनीच करून ठेवलंय असं मला कधीकधी वाटतं. पण तो माझा चावटपणा झाला.

आपल्याकडे नेत्रपल्लवी हा देखणा शब्द आहे, पण तो प्रेमिकांपाशीच राहिला. मराठी बातमीत पुढारी मतदारांना गोंजारतात, चुचकारतात. या दोन्ही क्रियापदांत टीका आहे. गोंजारणाऱ्याचा हात वर असतो आणि गोंजारून घेणाऱ्याचं डोकं खाली, हे वाचणाऱ्याला लगेच दिसतं. गिन्योत तसं काही दिसत नाही. डोळा मारणारा आणि ज्याला मारला तो, दोघं एका गुपितातले भागीदार ठरतात. ‘पंतप्रधानांचा ज्येष्ठांना गिन्यो’ असा मथळा वाचताना ज्येष्ठाला आपल्याला कुणी चुचकारतंय असं वाटत नाही. आपल्याला कुणीतरी ओळखलं असं वाटतं. हा शब्द गोड आहे आणि त्याच्यावर माझा आक्षेप आहे तो याच गोडव्यामुळे.

आक्षेप समजावून सांगायला एका पत्त्यांच्या खेळाकडे जावं लागेल.

मुस हा बास्क प्रदेशातून आलेला आणि आता स्पेनभर खेळला जाणारा खेळ. चाळीस पानांचा स्पॅनिश जोड, चार माणसं, समोरासमोर बसलेल्या दोन जोड्या. भिडूला आपल्या हातात काय आलंय ते तोंडाने सांगायचं नाही, पण खुणेनं सांगायला मुभा आहे. या खुणा ठरलेल्या आहेत. हातात दोन राजे असतील तर खालचा ओठ चावायचा. दोन एक्के असतील तर जिभेचं टोक दाखवायचं. दोन जोड्या जमल्या असतील तर भुवया उचलायच्या. काहीच नसेल तर दोन्ही डोळे मिटायचे. आणि डोळा मारायचा तो पानांची बेरीज एकतीस होत असेल तर. एकतीस हा मुसच्या शेवटच्या फेरीतला सर्वांत भारी हात. म्हणजे मुसच्या टेबलावर डोळा मारण्याचा अर्थ ‘माझ्याकडे यापेक्षा वरचढ काही असूच शकत नाही’ असा होतो.

आता या खेळाची खरी गंमत. समोरच्या जोडीला तुमची खूण पकडायचा पूर्ण हक्क आहे, म्हणून खूण चोरून करायची. बोली लावताना थाप मारायलाही हरकत नाही, हातात फुटकी पानं असताना मोठी बोली लावून समोरच्याला पळवून लावणं हा तर मुसचा आत्मा. पण खूण खोटी करायची नाही. एकतीस नसताना डोळा मारणं हा डाव नव्हे, ती लबाडी, आणि तिथे ती चालत नाही. तोंडानं फसवा, बोलीनं फसवा, डोळ्यानं मात्र खरंच सांगा. गावच्या चहा-कॉफीच्या दुकानात दुपारभर मुस कुटणाऱ्या निवृत्त माणसांनी हा नियम का जपलाय, हे उघड आहे. खूण खोटी करायची मुभा दिली तर कोणत्याच खुणेला अर्थ उरणार नाही, आणि मग भिडू असून नसल्यासारखा.

स्पॅनिश पत्रकारांना हा खेळ माहीत नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. मुसमध्ये सगळंच पणाला लावणाऱ्या बोलीला ओर्दागो म्हणतात. ‘तो तिथे आहे’ अशा अर्थाच्या बास्क शब्दांवरून तो आला, आणि आज एखाद्या पक्षाने आघाडीतून बाहेर पडायची धमकी दिली की ‘सरकारला ओर्दागो’ असा मथळा बिनदिक्कत पडतो. म्हणजे टेबलावरची बोली वर्तमानपत्रात आली. खूणही आली. खुणेमागचा नियम तेवढा टेबलावरच राहिला. राजकारणातला गिन्यो पान नसताना करता येतो, आणि केला तर कुणी पानं उघडून दाखवायला सांगत नाही. स्पेनच्या सार्वजनिक जीवनाने हे नुकसान फार निवांतपणे सोसलं आहे आणि त्यात पत्रकारांचा वाटा पुढाऱ्यांपेक्षा कमी नाही, असं माझं म्हणणं आहे.

१९९६ चं उदाहरण घेऊ, कारण त्यात पान असलेला आणि नसलेला असे दोन्ही व्यवहार एकाच वेळी दिसतात. ३ मार्चच्या निवडणुकीत होसे मारिया अझनार यांचा पार्तिदो पोपुलार पहिला आला, पण १५६ जागांवर अडकला. बहुमताला १७६ लागतात. त्या रात्री माद्रिदमध्ये पक्ष कार्यालयाबाहेर जमलेल्या कार्यकर्त्यांनी कॅटलोनिया या वेगळी भाषा असलेल्या प्रदेशाचे नेते जॉर्डी पुजोल यांना उद्देशून घोषणा दिल्या: बुटक्या पुजोल, कास्तेयानो (म्हणजे स्पॅनिश) बोल. दुसऱ्या दिवशी गणित मांडल्यावर लक्षात आलं, की त्याच बुटक्या पुजोलच्या १६ जागांवाचून सरकार होत नाही. मग अझनार कॅटलान दूरचित्रवाणीवर गेले आणि छोट्या वर्तुळात, जवळच्या माणसांत आपण कॅटलानही बोलतो, असं त्यांनी सांगून टाकलं. लोकांच्या आठवणीत ते वाक्य ‘मी एकांतात कॅटलान बोलतो’ असं उरलं. आजही स्पेनमध्ये कुणी सोयीपुरती जवळीक दाखवायला लागला की हे वाक्य थट्टेने म्हटलं जातं. याहून निखळ गिन्यो सापडणं कठीण. तो पडताळता येत नाही, कारण एकांतात कोण जाऊन बघणार? नाकारताही येत नाही. आणि त्यासाठी करणाऱ्याला कवडी खर्च करावी लागत नाही.

पण पुजोल जुना खेळाडू. त्याने डोळ्याकडे बघितलं, हसला असेल, आणि पानं मागितली. २८ एप्रिल रोजी बार्सिलोनातल्या हॉटेल मॅजेस्टिकमध्ये दोन्ही पक्षांचा करार झाला. प्राप्तिकरातला स्वायत्त प्रदेशांचा वाटा १५ वरून ३० टक्के झाला. सक्तीच्या लष्करी सेवेचा शेवट ठरला, आणि २००१ अखेर ती खरंच बंद झाली. केंद्राने प्रत्येक प्रांतात नेमलेले नागरी गव्हर्नर हे पद १९९७ मध्ये रद्द झालं. मे महिन्यात अझनार १८१ मतांनी पंतप्रधान झाले. लाखो तरुणांच्या आयुष्यातलं एक सक्तीचं पर्व ज्या कराराने संपवलं, त्याची कलमं आज किती जणांना आठवतात? एकांतातली कॅटलान मात्र सगळ्यांना आठवते. गिन्योमध्ये ही ताकद आहे. तो बातमी खाऊन टाकतो.

दुसऱ्या बाजूचं नुकसान मला याहून गंभीर वाटतं. पोकळ गोष्ट भरीव दिसते हे तर झालंच, पण भरीव गोष्टही पोकळ दिसायला लागते. पेन्शनचं बघा. २०१३ च्या कायद्याने स्पेनमध्ये पेन्शनची वार्षिक वाढ महागाईपासून तोडली आणि किमान वाढ ठेवली पाव टक्का. वर्षाला पाव टक्का. जानेवारी २०१८ पासून बिल्बाओचे पेन्शनर दर सोमवारी नगरपालिकेसमोर जमू लागले. पावसात, थंडीत, पाठीला पाठ लावून. त्यांचं बघून इतर शहरांत लोक रस्त्यावर आले. पुढे २०२१ च्या २१ क्रमांकाच्या कायद्याने पेन्शन पुन्हा ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधली गेली. २०२३ मध्ये त्या सूत्राने ८.५ टक्के वाढ आली. ती कुणा पंतप्रधानाच्या मनाच्या मोठेपणातून आलेली नव्हती. कायद्यात सूत्र होतं, सूत्रात आकडे घातले, उत्तर आलं. अशा वाढीला ‘निवडणूक वर्षात पेन्शनरांना गिन्यो’ म्हणणं म्हणजे त्या सोमवारच्या माणसांचं कर्तृत्व पुसून त्याजागी एका माणसाच्या डोळ्याची उघडझाप ठेवणं. नव्वद लाखांच्या घरातल्या पेन्शनरांचा हक्क मेहेरबानी होऊन बसतो. आणि मेहेरबानी करणारा उद्या ती काढून घेऊ शकतो, हेही मग ओघाने मान्य केल्यासारखं होतं.

मंगळवारचा सिनेमा आणि महागाईला बांधलेली पेन्शन या दोन गोष्टी एकाच शब्दात बसत असतील, तर तो शब्द बातमी सांगायच्या कामाचा उरला नाही.

यावर एक चांगलं उत्तर आहे आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. उत्तर असं, की सगळी पानं उघडी टाकून देश चालत नाही. विशेषतः स्पेनसारखा देश, जिथे यादवी युद्धानंतर जवळपास चार दशकं जनरल फ्रँको या एका माणसाची सत्ता होती आणि तो गेल्यावर एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांना एका टेबलाशी बसावं लागलं. १९७८ च्या घटनेचा दुसरा अनुच्छेद वाचा. एका दमात तो स्पॅनिश राष्ट्राची अभंग एकता सांगतो आणि त्याच दमात ‘राष्ट्रीयता आणि प्रदेश’ यांच्या स्वायत्ततेचा हक्क मान्य करतो. राष्ट्रीयता म्हणजे कोण, हे घटनेत कुठेही सांगितलेलं नाही. कॅटलान वाचकाने त्यात स्वतःला पाहावं, माद्रिदच्या सेनाधिकाऱ्याने आधीचं अर्धं वाक्य वाचून शांत झोपावं, अशी ती रचना. हा गिन्योच आहे. त्याने देश सावरला असेल तर गिन्योला नावं ठेवणारे आपण कोण?

मला हे उत्तर निम्मं पटतं. त्या वाक्यात डोळा मिचकावलेला आहे, यात शंका नाही. पण त्याच घटनेच्या आठव्या भागात स्वायत्त प्रदेशांची संपूर्ण व्यवस्था लिहिलेली आहे. संसद कशी, अधिकार कोणते, कोणते केंद्राकडे राहतील, सगळं. राष्ट्रीयता हा शब्द धूसर ठेवला, पण त्याच्यामागचं पान त्याच जोडातलं होतं आणि लवकरच खेळलंही गेलं. कॅटलोनियाला आणि बास्क प्रदेशाला १९७९ मध्येच स्वायत्ततेचे कायदे मिळाले. ही मुसवाली खूण झाली.

पान नसेल तर काय होतं, ते २००६ नंतर दिसलं. आधी २००३ मध्ये बार्सिलोनातल्या एका प्रचारसभेत समाजवादी पक्षाचे नेते झापातेरो यांनी सांगितलं होतं, की कॅटलान संसद जो सुधारित स्वायत्तता कायदा मंजूर करेल त्याला आपण पाठिंबा देऊ. टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी ते अनपेक्षितपणे पंतप्रधान झाले. ३० सप्टेंबर २००५ रोजी कॅटलान संसदेने मसुदा मंजूर केला, आणि त्याचं पहिलंच कलम म्हणत होतं की कॅटलोनिया हे राष्ट्र आहे. मसुदा माद्रिदला गेला, कात्री लागली. राष्ट्र हा शब्द कलमातून उचलून प्रस्तावनेत ठेवला, तोही फार जपून: कॅटलान संसदेने मोठ्या बहुमताने कॅटलोनियाची व्याख्या राष्ट्र अशी केली आहे, इतकंच. म्हणजे आम्ही म्हणत नाही हां, ते म्हणतात, त्याची नोंद केली. बार्सिलोनाने ते वाचून हसावं, माद्रिदने वाचून खांदे उडवावेत. जून २००६ च्या सार्वमतात निम्म्याहून कमी लोक मतदानाला आले, आलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्क्यांनी हो म्हटलं.

पार्तिदो पोपुलार घटना न्यायालयात गेला. चार वर्षं गेली. २८ जून २०१० च्या निकालात न्यायालयाने अनेक कलमांना हात लावला, पण लोकांच्या जिव्हारी लागलं ते प्रस्तावनेविषयीचं वाक्य: राष्ट्र या उल्लेखाला कायदेशीर अर्थ लावण्यापुरतं कसलंही बळ नाही. न्यायाधीशाला डोळ्यांची भाषा येत नाही आणि ती त्याने शिकू नये अशीच आपली अपेक्षा असते. त्याने पान उलटून पाहिलं, मागे काही नव्हतं, तसं त्याने लिहून दिलं. १० जुलै रोजी बार्सिलोनाचे रस्ते भरून गेले. आम्ही राष्ट्र आहोत, आम्ही ठरवू, असा फलक अग्रभागी होता. पुढच्या दशकात स्पेनने जे काही पाहिलं, कॅटलान स्वातंत्र्याचं २०१७ चं सार्वमत, लाठ्या, तुरुंग, परागंदा झालेले नेते, त्या सगळ्याचं मूळ एका प्रस्तावनेत आहे असं म्हणणं बालिश ठरेल. आर्थिक मंदी होती, कॅटलान पक्षांची आपसातली चढाओढ होती, पैशांची भांडणं होती. पण लाखो लोकांना ‘आपल्याला डोळा मारला आणि फसवलं’ असं वाटलं, ही भावना त्या निकालाच्या दिवशी पक्की झाली, हे तेव्हाच्या घोषणा वाचल्या की कळतं. आणि अवघड जागा अशी, की फसवलं कुणी हे सांगता येत नाही. झापातेरो म्हणणार, मी शब्द ठेवला होता. संसद म्हणणार, आम्ही फक्त नोंद केली. न्यायालय म्हणणार, आम्ही वाचलं ते लिहिलं. गिन्योचा कर्ता नेहमी सुटतो.

डोळा मारण्याच्या बाजूने दुसरा युक्तिवाद भावनिक आहे, आणि मलाही त्याची भूल पडते. फ्रँकोच्या काळात स्पेनमध्ये सरळ बोलायची सोय नव्हती. पूर्व-तपासणीची सक्ती १९६६ च्या मुद्रण कायद्याने उठली, तरी दंड, जप्ती, प्रकाशनबंदी होतीच. त्या दिवसांत लेखक वाचकाला ओळींच्या मधून डोळा मारायचे. ला कोदोर्नीझ, म्हणजे लावा पक्षी, या विनोदी साप्ताहिकाचं नाव या बाबतीत निघाल्याशिवाय राहत नाही. त्याची सर्वांत प्रसिद्ध कोटी हवामानाच्या अंदाजाची: देशभर गॅलिशियाकडून आलेला सार्वत्रिक गारवा पसरला आहे. स्पॅनिशमध्ये ‘सार्वत्रिक’ आणि ‘सेनापती’ यांना शब्द एकच, ‘गार’ आणि ‘निर्लज्ज’ यांनाही एकच, आणि जनरल फ्रँको मूळचा गॅलिशियाचा. आता मौज अशी, की हा अंदाज त्या साप्ताहिकात कधी छापूनच आला नव्हता, ती लोकांनी रचलेली दंतकथा आहे, असं जाणकार सांगतात. ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांनी डोळा मारणारा माणूसही स्वतःच तयार केला, इतकी त्याची गरज होती.

मुंबईच्या वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. त्याच १९७५ साली, फ्रँकोच्या मृत्यूच्या काही महिने आधी, आपल्याकडे आणीबाणी लागली आणि जून संपायच्या आत टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबई आवृत्तीत छोट्या जाहिरातींच्या गर्दीत एक निधनवार्ता छापून आली. डी. ई. एम. ओक्रसी नावाचे कुणी गृहस्थ २६ जूनला वारले, पत्नीचं नाव टी. रूथ, मुलाचं एल. आय. बर्टी, बहिणी फेथ, होप आणि जस्टिशिया. नावं जोडून वाचली की डेमोक्रसी, ट्रूथ, लिबर्टी. तपासनिसाच्या नजरेतून ती निसटली. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

या आठवणीमुळेच डोळा मारणाऱ्याबद्दल आपल्या मनात एक मऊ कोपरा असतो. पण तेव्हा कोण कुणाला डोळा मारत होतं? दुबळा दुबळ्याला, सत्तेच्या डोक्यावरून. पकडला गेला तर दंड, नोकरी, तुरुंग. त्या खुणेमागचं पान म्हणजे करणाऱ्याची स्वतःची मान होती. आज पंतप्रधान मतदाराला डोळा मारतो तेव्हा त्याच्यावर बोलायची बंदी नसते. त्याच्यासमोर ध्वनिक्षेपक आहे, राजपत्र त्याच्या हातात आहे, अर्थसंकल्प त्याचा आहे. ज्याला सरळ बोलता येतं आणि कृतीही करता येते त्याने डोळा मारावा, आणि आपण त्याला फ्रँकोकाळातल्या लेखकाच्या चतुराईचे गुण द्यावेत, हे मला पटत नाही.

शिवाय लोकशाहीत एक साधी सोय लागते: विरोध करायला काहीतरी समोर असावं लागतं. सप्टेंबर २०२३ मध्ये स्पेनच्या संसदेत कॅटलान, बास्क आणि गॅलिशियन बोलायला परवानगी मिळाली. नियम बदलले, दुभाषे नेमले, कानात घालायची यंत्रं वाटली. वॉक्स या कडव्या उजव्या पक्षाच्या खासदारांनी पहिल्याच दिवशी ती यंत्रं पंतप्रधानांच्या रिकाम्या आसनावर टाकली आणि सभागृह सोडलं. त्यांची भूमिका मला अजिबात मान्य नाही, पण त्यांना विरोध करता आला, कारण समोर नियम होता, यंत्र होतं, खर्च होता. कॅटलान स्वातंत्र्यवाद्यांना माफी देणाऱ्या २०२४ च्या सर्वक्षमा कायद्याचंही तसंच. अर्ध्या स्पेनला तो संतापजनक वाटला. तो मतदानाला आला, राजपत्रात छापला गेला, न्यायालयांत आव्हान दिलं गेलं. याला कुणी कॅटलान पक्षांना गिन्यो म्हणत असेल तर तो त्या कायद्याच्या समर्थकांचा आणि विरोधकांचा एकाच वेळी अपमान करतो. गिन्योला विरोध करायला गेलात तर समोरचा दुसरा डोळाही उघडतो आणि विचारतो, कसला गिन्यो?

कॅटलान पक्ष यातून काही शिकले असं दिसतं. जुलै २०२३ च्या निवडणुकीनंतर कार्लेस पुजदेमोन यांच्या जुन्त्स पक्षाच्या सात जागांवर सगळा डाव येऊन ठेपला. तेव्हा बेल्जियममध्ये परागंदा असलेल्या या नेत्याबद्दल माझं मत फार चांगलं नाही. पण संसदेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी त्याने जी मागणी केली ती कुठल्याही मुस खेळाडूने केली असती. आश्वासनं नकोत, तपासता येतील अशा कृती हव्यात. १७ ऑगस्टला फ्रान्सिना आर्मेंगोल १७८ मतांनी अध्यक्ष झाल्या आणि त्याच दिवशी स्पेनच्या परराष्ट्र मंत्र्याने जाहीर केलं, की कॅटलान, बास्क आणि गॅलिशियन या भाषांना युरोपीय संघाच्या अधिकृत भाषा करावं असा अर्ज ब्रुसेल्सला पाठवला आहे. अर्ज खरोखर गेला होता. पण तो मंजूर व्हायला सत्तावीसच्या सत्तावीस देशांचा होकार लागतो, आणि हे अर्ज करणाऱ्यालाही माहीत होतं. विषय पुढच्या बैठकांत पुनःपुन्हा आला आणि पुनःपुन्हा पुढे ढकलला गेला. सात मतं मात्र त्याच सकाळी पडून गेली होती. तपासता येईल अशी कृती आणि पान नसलेली खूण यांतली सीमा इतकी बारीक असते, आणि ती ओळखण्यात पुजदेमोनसारखा मुरलेला माणूसही किंचित चुकू शकतो.

सात मतं असलेल्याला निदान मागता येतं, आणि नाही मिळालं तर पुढच्या मतदानाला पाठ फिरवता येते. मंगळवारी दोन युरोचं तिकीट काढणाऱ्या पासष्ट वर्षांच्या बाईकडे एकच मत असतं आणि ते चार वर्षांतून एकदा. तिच्या वतीने पानं बघायला मागायचं काम वर्तमानपत्राचं. त्यासाठी गिन्यो हा शब्द भाषेतून हाकलायची गरज नाही, समीक्षकांनी आणि अर्जेंटिनाच्या चालकांनी तो खुशाल वापरावा. राजकीय बातमीत तो आलाच, तर त्याच वाक्यात कायद्याचा क्रमांक, रकमेचा आकडा आणि अंमलाची तारीख यावी. यातलं काहीच नसेल तर बातमीदाराने तेही सरळ लिहावं: घोषणा झाली, मागे अजून काही नाही. मथळा जरा रुक्ष होईल. माद्रिदच्या संपादकांना तो आवडणार नाही, हे मान्य.